"साहेब, या मॉडेलला हे होतंच" असं सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, तर पुढे काय करायचं?



पनवेल परिसरात कितीतरी जणांचा धंदा चाकांवर चालतो. कोणी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल उचलतो, कोणी तळोजा एमआयडीसीत कामगारांची ने-आण करतो, कोणी खारघर-कामोठ्यात स्कूल व्हॅन चालवतो, कोणी एमएच-४६ ची टुरिस्ट गाडी घेऊन रोज पुण्याचा घाट चढतो-उतरतो. या सगळ्यांसाठी गाडी म्हणजेच दुकान. दुकानाचं शटर उघडलं नाही तर त्या दिवसाचा गल्ला शून्य, आणि ईएमआय मात्र ठरल्या तारखेला कापला जाणारच.

आता समजा गाडी नवी आहे, तुम्ही नीट चालवता, सर्व्हिसिंग वेळेवर करता, तरी एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. सर्व्हिस सेंटरला गेलात की तिथला माणूस हसून म्हणतो, "साहेब, टेन्शन घेऊ नका, या मॉडेलला हे होतंच."

बहुतेक जण हे ऐकून निश्चिंत होतात. आपल्या एकट्याचं नाही ना, मग ठीक आहे! पण मित्रांनो, या वाक्याचा खरा अर्थ काय? तर ही तक्रार इतर गाड्यांतही आली आहे आणि ती सर्व्हिस सेंटरला माहीत आहे. म्हणजे हा कंपनीकडून आलेला दोष असण्याची शक्यता आहे. हे वाक्य कागदावर आणलं तर त्याला किंमत आहे. नुसतं ऐकून घरी आलात तर काहीच नाही. ते कागदावर कसं आणायचं आणि तिथून पुढे कुठे जायचं, ते आजच्या व्हिडिओसोबतच्या या लेखात सविस्तर बघूया.

आधी ओळखा: दोष नेमका कोणत्या प्रकारचा?

गाडीच्या तक्रारी ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार झिजेचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर या वस्तू वापरल्या की झिजणारच. घाटात लोड घेऊन चालवली तर लवकर झिजतील. इथे कंपनीशी भांडून वेळ घालवू नका.

दुसरा प्रकार तुमच्याच गाडीतल्या दोषाचा. एखादा पार्ट चुकीचा बसला किंवा एखादा सेन्सर खराब निघाला. वॉरंटीत दुरुस्त झाला की विषय संपला.

तिसरा प्रकार म्हणजे एका ठराविक काळात बनलेल्या सगळ्या गाड्यांमध्ये येऊ शकणारा दोष. डिझाइन चुकलेलं असतं, किंवा पुरवठादाराकडून आलेला एखादा लॉट खराब असतो. यात सुरक्षेचा प्रश्न असेल तर कंपनी गाड्या परत बोलावते. त्यालाच रिकॉल म्हणतात.

ही काही परदेशातली गोष्ट नाही, आपल्या रोजच्या गाड्यांची आहे. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या त्या गाड्यांच्या स्टीअरिंग टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याची शक्यता होती. स्टीअरिंग फिरवलं की ती हालचाल चाकापर्यंत पोचवणारा हा दांडा. आता विचार करा, ईको कोण घेतं? स्कूल व्हॅनवाले, केटरिंगवाले, कुरिअरवाले. म्हणजे आपलीच माणसं!

त्याआधी जुलै २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या सुमारे ६०० डिझेल गाड्या तपासायला बोलावल्या, कारण कारखान्यात आलेल्या इंधनातच भेसळ असल्याचा संशय होता. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, त्या धुराच्या नियमांच्या प्रश्नावरून. त्या काळी टुरिस्ट धंद्यातली ती नेहमीची गाडी होती.

सगळ्याच माहीत असलेल्या दोषांचा रिकॉल मात्र होत नाही. कधी कंपनी डीलरला आतल्या आत सूचना पाठवते की अमुक तक्रार आली तर तमुक पार्ट बदला किंवा सॉफ्टवेअर अपडेट करा. ग्राहकाने विचारलं तरच हे काम होतं. न विचारणाऱ्याची गाडी तशीच फिरत राहते आणि वॉरंटी संपल्यावर बिल त्याच्या हातात पडतं.

धंद्याचा हिशोब: खरा खर्च पार्टचा नसतो

"पार्ट फुकट बदलून दिला ना, मग कशाला तक्रार?" असं बरेच जण म्हणतात. एक साधं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा तुमच्या गाडीची रोजची कमाई २,५०० रुपये आहे आणि इंधन वगैरे जाऊन हातात १,६०० उरतात. एकाच तक्रारीसाठी गाडी तीन वेळा, प्रत्येक वेळी चार दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये राहिली. झाले १२ दिवस. १२ गुणिले १,६०० म्हणजे १९,२०० रुपये गेले. कंपनीचं काँट्रॅक्ट टिकवायला तुम्ही इंधन आणि ड्रायव्हरसकट २,२०० रुपये रोजाने दुसरी गाडी लावली, तर दिवसाला फक्त ३०० उरतात. म्हणजे तरी १५,६०० रुपयांचा फटका बसलाच. आणि १२,००० चा ईएमआय त्यात धरलेलाच नाही.

फुकटात बदललेला पार्ट असा महाग पडतो. हा हिशोब पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. गाडी किती वाजता जमा केली, कधी परत मिळाली, त्या दिवशीचं कोणतं काम हुकलं, पर्यायी गाडीचं बिल किती आलं. साधी शंभर पानी वही चालेल.

पायरी १: आधी तपासा

आरसी बुकवर गाडीचा १७ अंक-अक्षरांचा चॅसिस नंबर असतो. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला की तुमची गाडी रिकॉलमध्ये आहे का ते कळतं. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या वेबसाइटवरही रिकॉलची माहिती असते. तेही जमत नसेल तर कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन एकच प्रश्न विचारा: "या चॅसिस नंबरवर कोणतं रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन बाकी आहे का?" प्रश्न याच शब्दांत विचारा, कारण "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी हे सौदा करण्याआधीच करायचं. धंद्याची सुरुवात आपल्यापैकी बरेच जण जुन्या गाडीने करतात. रिकॉलचा फोन किंवा मेसेज जातो पहिल्या मालकाला. त्याने गाडी विकलेली असते, तो फोन कट करतो, आणि नव्या मालकाला पत्ताच नसतो. म्हणून गाडी नावावर झाली की कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून आपलं नाव, मोबाइल आणि पत्ता नोंदवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी २: जॉबकार्ड हेच तुमचं हत्यार

गाडी जमा करताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जॉबकार्ड बनवतो. त्यात तो आपल्या भाषेत "जनरल चेकअप" किंवा "आवाज तपासणे" असं काहीतरी लिहितो आणि तुम्ही घाईत सही करता. पुढे सगळं प्रकरण इथेच लंगडं पडतं. जॉबकार्डवर "जनरल चेकअप" असेल, तर तीच तक्रार चौथ्यांदा आली आहे हे सिद्ध कसं करणार?

तक्रार तुमच्या शब्दांत आणि परिस्थितीसकट लिहून घ्या. समजा गाडी घाटातच त्रास देते. सर्व्हिस सेंटरवाले ती सकाळी थंड असताना सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवतात आणि लिहितात, "तपासले, दोष आढळला नाही." त्यांचंही खोटं नसतं, कारण सपाट रस्त्यावर तो दोष दिसतच नाही. म्हणून असं लिहायला सांगा:

"खोपोलीहून घाट चढताना, गाडीत सहा माणसं व एसी चालू असताना, इंजिन गरम झाल्यावर पिकअप अचानक जातो. ही तक्रार तिसऱ्यांदा. आधीच्या भेटी: अमुक तारीख, अमुक किलोमीटर."

आणि अ‍ॅडव्हायझरला किंवा टेक्निशियनला त्याच परिस्थितीत सोबत घेऊन ट्रायल घ्या असा आग्रह धरा. ट्रायल झाली की त्याची नोंद जॉबकार्डवर हवीच.

आणखी चार गोष्टी पाळा:

- दर वेळी जॉबकार्डची प्रत घ्या. वॉरंटीत काम झालं, बिल शून्य आलं, तरी तो कागद घ्याच.
- कोणता पार्ट बदलला त्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या.
- डॅशबोर्डवर लाइट लागली की लगेच फोटो काढा, आवाज येत असेल तर व्हिडिओ घ्या. शूटिंग गाडी थांबवून किंवा शेजारच्याने करायचं, चालवताना नाही.
- गाडी न चालवता "समाधानी आहे" या रकान्यात सही करू नका. घाई असेल तर "ट्रायल न घेता गाडी ताब्यात घेतली" असं लिहून सही करा.

तोंडी सांगितलेलं लेखी कसं करायचं? अगदी सोपं आहे. "या मॉडेलला हे होतंच" असं कोणी म्हणालं की त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला ईमेल टाका: "आज आपण मला सांगितलं की ही तक्रार या मॉडेलच्या इतर गाड्यांतही येते. कृपया यावर कंपनीने सुचवलेला कायमचा उपाय लेखी कळवावा." उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं, तरी तुमचा ईमेल तारखेसह रेकॉर्डवर राहिला.

पायरी ३: डीलर सोडून कंपनीला लिहा

दोन-तीन भेटींत तक्रार गेली नाही तर डीलरच्या काउंटरवर आवाज चढवण्यात अर्थ नाही. तो समोरचा मुलगा पगारी माणूस आहे, त्याच्या हातात काही नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि तेच पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र एका पानाचं हवं. त्यात एवढंच असू द्या:

"माझी गाडी (मॉडेल, नोंदणी क्रमांक, चॅसिस क्रमांक) दिनांक … रोजी आपल्या अधिकृत डीलरकडून घेतली. खालील तारखांना एकाच तक्रारीसाठी गाडी जमा केली (तारीख, किलोमीटर, जॉबकार्ड क्रमांक). दोष अद्याप कायम आहे. ही गाडी मी स्वतः चालवतो व तीच माझ्या उपजीविकेचं साधन आहे. मागण्या: १) कंपनीच्या टेक्निकल इंजिनिअरकडून माझ्या समक्ष तपासणी, २) दोषाचं लेखी कारण, ३) कायमची दुरुस्ती व बदललेल्या पार्टवर नव्याने वॉरंटी, ४) दुरुस्तीच्या काळात पर्यायी गाडी किंवा भरपाई. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं."

राग, शिव्या, "सोशल मीडियावर बदनामी करीन" अशा धमक्या टाळा. उद्या हेच पत्र एखाद्या न्यायपीठासमोर वाचलं जाईल असं समजून लिहा.

वॉरंटी नुकतीच संपली असेल तरी हे पत्र लिहा. तक्रार वॉरंटीत असतानाच सुरू झाली होती हे जॉबकार्डवरून दिसत असेल तर तुमची बाजू भक्कम होते. अनेक कंपन्या अशा वेळी पूर्ण किंवा निम्मा खर्च स्वतः उचलतात. त्याला गुडविल म्हणतात. तो तुमचा हक्क नाही, पण मागितल्याशिवाय मिळतही नाही. फक्त घेताना कागद नीट वाचा. "यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही" असं कुठे लिहिलेलं असेल, तर त्यावर सही करण्याआधी शंभरदा विचार करा.

पायरी ४: एकट्याने नको, मिळून करा

एकाची तक्रार आली की कंपनी म्हणते, "तुमची ड्रायव्हिंगची पद्धत चुकीची असेल." स्टँडवरच्या पाच जणांनी त्याच मॉडेलची, त्याच तक्रारीची जॉबकार्डं एकत्र ठेवली तर तेच उत्तर देणं अवघड जातं.

कायदाही याच दिशेने गेला आहे. २०१२ पासून आपल्याकडे सियामचा रिकॉलचा नियम होता, पण तो ऐच्छिक. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आलं. त्यानुसार एखाद्या दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहेत, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर हा दंड लागत नाही.

सरकारने हात घालावा यासाठी विक्रीच्या प्रमाणात ठराविक संख्येने तक्रारी याव्या लागतात. जास्त खपाच्या कारसाठी हा आकडा हजाराच्या पुढे आहे. तक्रार नोंदवायची सोय वाहन पोर्टलवर आहे. इथे आपण मराठी माणसं कमी पडतो. चहाच्या टपरीवर हजार जण तक्रार करतील, पण पोर्टलवर दहाही जण नोंदवणार नाहीत! तुमची एक नोंद म्हणजे त्या मोजणीतलं एक मत आहे, असं समजा.

टेस्टिंग एजन्सीच्या अहवालावरूनही हालचाल होऊ शकते. २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणात पुण्याच्या एआरएआय संस्थेने भारतातल्या डिझेल गाड्यांच्या धुराची तपासणी केली, आणि कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या.

पायरी ५: ग्राहक आयोग, पण तुम्ही "ग्राहक" आहात का?

मित्रांनो, हा भाग दोनदा वाचा. धंद्यासाठी गाडी घेणाऱ्याची खरी अडचण इथे येते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ म्हणतो की व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा माणूस "ग्राहक" नाही. पण त्याला एक अपवाद आहे. स्वयंरोजगारातून फक्त स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी जो वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, तो ग्राहकच. मग रेषा कुठे आखायची?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात दिलं. त्या उद्योगाने घेतलेल्या मशीनच्या तक्रारीवरून हा वाद उभा राहिला होता. न्यायालयाने सांगितलं की जो रिक्षा किंवा ट्रक घेऊन पोटासाठी स्वतः चालवतो, तो ग्राहक. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. पण गाडी किंवा मशीन पूर्णपणे दुसऱ्यानेच चालवायची असेल तर मालक ग्राहक नाही. आणि त्या खटल्यातला उद्योजक? तो या व्याख्येत बसला नाही. ग्राहक मंचाचा दरवाजा त्याच्यासाठी बंद झाला.

यातून आपण काय शिकायचं?

- तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल तर तसे पुरावे ठेवा: लायसन्स, बॅज, ट्रिप शीट, बँक खात्यातली जमा, इन्कम टॅक्स रिटर्न.
- तक्रार अर्जात "ही गाडी मी स्वतः, स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वापरतो" हे वाक्य स्पष्ट लिहा. हे नसलं की समोरचा वकील पहिला आक्षेप यावरच घेतो.
- तीन-चार गाड्या घेऊन सगळ्यांवर पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर ग्राहक आयोगाचा सोपा रस्ता मिळेलच असं धरू नका. तुम्हाला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता घ्यावा लागू शकतो. म्हणून अशा वेळी खरेदीच्या करारातच वॉरंटी, दुरुस्तीची मुदत आणि पर्यायी गाडी यांवर घासाघीस करा. एकदम चार गाड्या घेणाऱ्याचं डीलर ऐकतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ही सोय मोफत आहे, आणि कधीकधी एवढ्यावरच कंपनी हालते. नाही हालली तर जिल्हा आयोग. पनवेल रायगड जिल्ह्यात आहे, म्हणून आपला आयोग अलिबागला. कंपनीचं ऑफिस गुरुग्राममध्ये असो की चेन्नईत, तुम्ही राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं, तिथल्यांचा आयोग वेगळा. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते.

गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. फीसुद्धा फार नाही. ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत आहे दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. नुसता कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही. "बघू, करतील" म्हणत दोन वर्षं घालवणारे बरेच असतात. त्यांच्यात जाऊ नका.

काय मिळू शकतं, काय मिळत नाही?

"मला गाडीच बदलून हवी!" ही सगळ्यांची मागणी असते. अपेक्षा जमिनीवर ठेवूया. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटी सदोष पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. दुसरीकडे, फियाटच्या एका गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणीचा मार्ग सांगितला: त्याने मूळ उत्पादन दोष असल्याचं म्हटलं तर पैसे परत. म्हणजे सगळं येऊन थांबतं तज्ज्ञाच्या अहवालावर. ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या चिठ्ठीला फारसं वजन नसतं. आयोगाकडे अर्ज करून योग्य संस्थेकडून तपासणी मागा. तिची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते, ती तयारी ठेवा.

सुरक्षेच्या बाबतीत न्यायालयं कडक आहेत. २०२२ मध्ये ह्युंदाईच्या एका गाडीत अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने दिलेला आदेश कायम ठेवला. धडकेचा वेग आणि जोर किती होता हे ग्राहकाने मोजत बसावं, अशी अपेक्षा करता येणार नाही असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, आणि कोणी काय चुकीचं केलं ते वेगवेगळं लिहा. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने आधीच्या वर्षाची गाडी ग्राहकाच्या गळ्यात मारली होती. डीलरच्या त्या चुकीसाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरता येणार नाही, असा निकाल लागला. डीलर आणि कंपनी हे दोन वेगळे व्यापारी आहेत, हे विसरू नका.

बुडालेल्या धंद्याची पूर्ण भरपाई मिळणं कठीण असतं. जी मिळेल ती पुराव्यावर मिळेल. त्यासाठीच ती शंभर पानी वही.

या चुका करू नका

- ईएमआय थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, दोष गाडीचा आहे. हप्ता चुकला तर तुमचा सिबिल स्कोअर पडतो आणि धंद्याचं पुढचं कर्ज अडकतं.
- वॉरंटीत असताना बाहेर वायरिंग कापून स्पीकर, लाइट किंवा सीएनजी किट बसवू नका. कंपनीला आयतं कारण मिळतं.
- वॉरंटी पुस्तिका वाचा. खासगी आणि व्यावसायिक वापराच्या अटी वेगळ्या असू शकतात.
- विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नेहमीची मोटार पॉलिसी अपघाताचं नुकसान देते, आतून बिघडलेल्या पार्टचं नाही.
- ब्रेक, स्टीअरिंग, इंधन गळती, जळका वास यांपैकी काही असेल तर ट्रिप रद्द करा. एका दिवसाचा गल्ला गेला तर उद्या कमावता येतो. मागे शाळेची मुलं बसलेली असताना जुगार खेळायचा नसतो.

आणि उद्या तुम्हीच उत्पादक असाल तेव्हा

आज तुम्ही गाडीचे ग्राहक आहात. उद्या तुमचा मसाल्याचा, फर्निचरचा किंवा फॅब्रिकेशनचा ब्रँड असेल. ग्राहक कायद्यातलं उत्पादन दायित्व तेव्हा तुम्हालाही लागू होईल. एखादा लॉट खराब निघाला हे कळलं तर गिऱ्हाईक भांडायला येण्याआधी तुम्हीच फोन करा. त्यासाठी कोणता लॉट कोणाला गेला याची नोंद आजपासून ठेवायला लागा. ईको परत बोलावताना मारुतीला गाड्यांच्या नेमक्या तारखा सांगता आल्या, त्या अशाच नोंदींमुळे.

आजचं होमवर्क

हा लेख वाचून झाला की तीन कामं करा. आरसी बुक काढून चॅसिस नंबरवर रिकॉल तपासा. गाडीच्या आजवरच्या सगळ्या जॉबकार्डांची एक फाइल बनवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि तुमच्या स्टँडवर किंवा ओळखीत तेच मॉडेल असलेल्या दोघांना विचारा की त्यांनाही तीच तक्रार येते का. येत असेल तर पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरला तिघे मिळून जा, तिघांची जॉबकार्डं सोबत न्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गाडी जपून चालवा आणि कागद जपून ठेवा.